हृदय धडधडत असताना माणूस मृत कसा ठरतो?

अतिदक्षता विभागात एक माणूस व्हेंटिलेटरवर आहे. छाती ठरावीक लयीत वरखाली होते आहे, अंग गरम आहे, मॉनिटरवर हृदयाचे ठोके दिसत आहेत, लघवीची पिशवी भरते आहे. डॉक्टर बाहेर येतात आणि नातेवाइकांना सांगतात की पेशंट ब्रेन डेड आहे, म्हणजे त्याचा मृत्यू झालेला आहे. ज्यांनी पाच मिनिटांपूर्वी आत जाऊन त्याचा हात हातात घेतला होता, त्यांना हे वाक्य पटत नाही, आणि ते पटत नाही यात त्यांचे अज्ञान मुळीच नसते. माणसाने आजवर मृत्यू ओळखला तो थांबलेल्या श्वासावरून आणि गार पडलेल्या अंगावरून. मेंदू कायमचा गेला म्हणजे माणूस गेला, ही व्याख्या वैद्यकाने औपचारिकपणे मांडली ती 1968 साली, आणि भारताच्या कायद्यात ती आली 1994 साली. ती तिथवर कशी पोहोचली हे समजून घ्यायचे, तर आधी एक जुना प्रश्न घ्यावा लागतो: शरीरातल्या नेमक्या कोणत्या जागी माणसाचा ‘मी’ राहतो?

बहुतेक प्राचीन संस्कृतींचे उत्तर हृदय असे होते. इजिप्तमध्ये मृतदेह टिकवण्यासाठी त्याची ममी करताना मेंदू नाकावाटे बाहेर काढून टाकला जाई, कारण पुढच्या प्रवासात त्याचा काही उपयोग आहे असे कुणाला वाटत नसे. हृदय मात्र शक्यतो देहातच ठेवले जाई, कारण परलोकात न्यायनिवाड्याच्या वेळी तराजूच्या एका पारड्यात तेच ठेवले जाणार होते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनेही बुद्धी आणि संवेदना यांचे केंद्र हृदयातच मानले आणि मेंदूकडे रक्ताची उष्णता कमी करण्याचे काम दिले. आपल्याकडे उपनिषदांनी आत्म्याची जागा हृदयातल्या सूक्ष्म आकाशात सांगितली, तर चरकसंहितेने हृदयाला चेतनेचे अधिष्ठान म्हटले. यात भाबडेपणा शोधणे चुकीचे आहे. भीती वाटली की छातीत धडधडते, दुःख झाले की छाती भरून येते, आणि माणूस मेला की तिथलीच हालचाल थांबते. अनुभवाला प्रमाण मानणाऱ्याने हृदयाकडे बोट दाखवणे अगदी स्वाभाविक होते.

तरीही दुसरे मत त्या काळीही होते, आणि ते केवळ पश्चिमेकडेच होते असे नाही. हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी फेफऱ्याचे कारण दैवी कोपात न शोधता मेंदूत शोधले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने जिवंत डुकराच्या मानेतल्या, स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसा लोकांसमोर बांधून दाखवल्या. ओरडणारे जनावर क्षणात मुके झाले, आणि आवाजावरची सत्ता मेंदूकडून नसांवाटे येते हे जमलेल्यांना डोळ्यांनी दिसले. आपल्याकडच्या भेलसंहितेत मनाची जागा डोके आणि टाळू यांच्यामध्ये सांगितलेली आहे, तर चरकसंहितेत, हृदयाला चेतनेचे अधिष्ठान म्हणूनही, शिराला सर्व अंगांत उत्तम म्हटलेले आहे. म्हणजे हृदय की मेंदू हा वाद एकाच परंपरेच्या पोटातही चालू होता, आणि कोणत्याच बाजूकडे तो मिटवण्याचे साधन नव्हते.

साधन आले ते शवविच्छेदनाच्या आणि प्रयोगाच्या वाटेने. 1628 साली विल्यम हार्वेने रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला आणि हृदय हा रक्त फिरवणारा स्नायू आहे हे मोजमापासह दाखवून दिले. एका अर्थाने त्या दिवसापासून हृदय हे ‘मी’चे घर राहिले नाही, ते एक यंत्र झाले, जरी हार्वेला स्वतःला हृदयाबद्दल मोठा आदर होता. त्याच शतकात रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने माणसाचे दोन भाग केले. शरीर हे जागा व्यापणारे, नियमांनी चालणारे यंत्र, आणि मन हे विचार करणारे, जागा न व्यापणारे तत्त्व. मग ही दोन तत्त्वे एकमेकांना भेटतात कुठे, हा प्रश्न त्याला टाळता आला नाही, आणि त्याने मेंदूच्या मध्यभागी असलेली वाटाण्याएवढी पिनियल ग्रंथी हे त्याचे उत्तर दिले. 1643 साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्र लिहून विचारले की ज्याला आकार नाही, ज्याचा कशाला स्पर्श होऊ शकत नाही, ते मन शरीराला हलवते कसे. देकार्तला या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कधीच देता आले नाही, आणि माझ्या मते त्या संपूर्ण शतकातला हा सर्वांत नेमका प्रश्न होता.

शतक संपता संपता जॉन लॉक या इंग्लिश तत्त्वज्ञाने प्रश्नाची जागाच बदलली. ‘मी’ कुठे आहे हे विचारण्यापेक्षा कालचा माणूस आणि आजचा माणूस एकच आहे हे कशावरून ठरवायचे, असे त्याने विचारले. समजा, एका राजपुत्राची सगळी जाणीव आणि आठवणी एका चांभाराच्या देहात गेल्या, तर तो कोण? लॉकचे उत्तर होते की व्यक्ती म्हणून तो राजपुत्रच, कारण व्यक्तीची सलगता जाणिवेत असते. आज आपण एखाद्या रुग्णाबद्दल ‘शरीर आहे, पण माणूस राहिला नाही’ असे म्हणतो, तेव्हा नकळत याच विचाराचा आधार घेत असतो.

एकोणिसाव्या शतकात हा विचार हाडामांसात दिसू लागला. 1848 साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंग उडाला आणि सुमारे एक मीटर लांबीची लोखंडी पहार फिनियास गेज नावाच्या मुकादमाच्या गालाखालून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. तो वाचला, चालता-बोलता राहिला, पण जबाबदारीने वागणारा माणूस शिवराळ आणि लहरी झाला असे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नोंदवले. हा आता पूर्वीचा गेज नाही, असे त्याचे मित्र म्हणू लागले. पुढच्या काळात या बदलाचे वर्णन बरेच फुगवून सांगितले गेले, आणि नंतर त्याने चिलीमध्ये घोडागाडी हाकण्याचे कष्टाचे काम बरीच वर्षे केले हे सहसा कुणी सांगत नाही. तरी मूळ मुद्दा राहतोच. स्वभाव, ज्याला आपण माणसाचे अगदी आतले म्हणतो, तो मेंदूच्या एका भागाला झालेल्या इजेने बदलू शकतो. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोकाने वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूची नेमकी इजा दाखवली, आणि तेव्हापासून मेंदूच्या नकाशावर एकेक क्षमता नोंदवली जाऊ लागली.

इतके होऊनही मृत्यूची व्याख्या जुनीच राहिली, आणि याचे कारण अगदी साधे आहे. मेंदू, हृदय आणि फुप्फुसे ही तिन्ही एकमेकांमागोमाग काही मिनिटांत बंद पडत असत. मेंदूच्या तळाशी, मणक्यातल्या मज्जारज्जूला जोडणारा जो भाग असतो त्याला ब्रेनस्टेम किंवा मस्तिष्कस्तंभ म्हणतात. श्वास घेण्याचा हुकूम तिथून सुटतो. तो मेला की श्वास थांबतो, श्वास थांबला की रक्तातला प्राणवायू संपतो, आणि हृदय बंद पडते. उलट्या बाजूने हृदय आधी थांबले तर काही मिनिटांत मेंदू मरतो. कुठूनही सुरुवात झाली तरी शेवट एकच, त्यामुळे माणूस नेमका कोणत्या क्षणी गेला हे विचारण्याची व्यवहारात गरजच पडत नव्हती.

ती गरज पडली ती 1952 साली कोपनहेगनमध्ये. शहरात पोलिओची भयंकर साथ आली होती, श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले आणि मोठी माणसे रोज ब्लेगडॅम रुग्णालयात भरती होत होती, आणि संपूर्ण शरीर आत ठेवून श्वास चालवणारे, लोखंडी फुप्फुस म्हणून ओळखले जाणारे यंत्र तिथे एकच होते. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एक वेगळा उपाय सुचवला. घशाखाली श्वासनलिकेला छिद्र पाडायचे, त्यात नळी बसवायची, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ करतात त्याप्रमाणे रबरी पिशवी हाताने दाबून हवा फुप्फुसात ढकलायची. बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीवर हा उपाय लागू पडला. पण पिशवी कोण दाबणार, आणि किती दिवस? वैद्यकाचे आणि दंतवैद्यकाचे सुमारे 1500 विद्यार्थी आळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले आणि दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे, हाताने श्वास देत राहिले. श्वासाचे स्नायू निकामी झालेल्यांपैकी दहातले आठ-नऊ रुग्ण आधी दगावत होते. तो आकडा निम्म्यावर आला. आजचे अतिदक्षता विभाग त्या रुग्णालयातल्या त्या महिन्यांतून जन्मले.

पोलिओच्या रुग्णाचा मेंदू शाबूत होता, त्यामुळे यंत्राने दिलेला श्वास त्याला माणूस म्हणून परत आणत असे. पण तेच यंत्र डोक्याला जबर मार लागलेल्यांना आणि मेंदूत मोठा रक्तस्राव झालेल्यांनाही लावले जाऊ लागले, आणि तिथे पूर्वी कधीही कुणी न पाहिलेली अवस्था समोर आली. हृदय आपल्या ठोक्यांसाठी मेंदूवर अवलंबून नसते. त्याच्या उजव्या कप्प्यात स्वतःची वीज निर्माण करणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो, आणि प्राणवायू मिळत राहिला तर तो ठोके देत राहतो. व्हेंटिलेटर प्राणवायू देतो, हृदय तो सगळीकडे पोहोचवते, मूत्रपिंडे चालतात, अन्न पचते, आणि कवटीच्या आत मात्र सूज इतकी वाढलेली असते की रक्त वर चढतच नाही आणि मेंदू विरघळू लागतो. 1959 साली पॅरिसच्या मोलारे आणि गुलों या दोन डॉक्टरांनी अशा 23 रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि या अवस्थेला कोमाच्या पलीकडची अवस्था असे नाव दिले. हे रुग्ण मृत आहेत असे म्हणायला ते धजावले नाहीत. त्याच सुमारास, 1957 साली, भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना पोप बारावे पायस यांनी मृत्यूचा क्षण ठरवणे हे चर्चचे काम नसून डॉक्टरांचे आहे असे सांगितले होते. डॉक्टरांनी तो निर्णय घेतला, पण तो घेण्याची घाई दुसऱ्याच कारणाने झाली.

3 डिसेंबर 1967 रोजी केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत बसवले. तो रुग्ण 18 दिवस जगला. फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले हृदयारोपण केले. जगातल्या अगदी सुरुवातीच्या काही हृदयारोपणांत ते मोडते. रुग्ण काही तासांतच दगावला. या शस्त्रक्रियांनी ‘मी’च्या प्रश्नावर एक गोष्ट कायमची सिद्ध केली. हृदय बदलले तरी माणूस तोच राहतो. शुद्धीवर आल्यावर तो आपल्याच बायकोमुलांना ओळखतो, दुसऱ्याच्या नाही. मात्र त्याबरोबर एक कायदेशीर पेचही आला. हृदय चालू असलेल्या माणसाचे हृदय काढणे हा त्या काळच्या व्याख्येनुसार खून होता, आणि थांबून बराच वेळ झालेले हृदय रोपणाच्या उपयोगाचे नव्हते.

ऑगस्ट 1968 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने, हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली, मेंदूचे कार्य कायमचे थांबणे हा मृत्यूचा नवा निकष म्हणून मांडला. समितीने आपली कारणे लपवली नाहीत. अशा रुग्णांचा भार कुटुंबांवर आणि रुग्णालयांवर पडतो हे एक, आणि जुन्या व्याख्येमुळे रोपणासाठी अवयव मिळवताना वाद होऊ शकतात हे दुसरे. अवयवांसाठी मृत्यूची व्याख्या बदलली, हा आरोप तेव्हापासून आजवर होत आला आहे. मला तो अर्धाच खरा वाटतो, कारण मोलारे आणि गुलों यांचे रुग्ण कोणत्याही हृदयारोपणाच्या आधीचे होते. पण तो अर्धा खरा आहे हे मान्य केल्याशिवाय सामान्य माणसाच्या मनातल्या शंकेला प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

ही शंका लोकांच्या मनात घर करून बसली तर काय होते ते जपानने अनुभवले. 1968 च्या ऑगस्टमध्येच साप्पोरोमध्ये डॉ. वादा यांनी जपानमधले पहिले हृदयारोपण केले. रुग्ण 83 दिवस जगला, पण ज्या तरुणाचे हृदय घेतले तो खरोखर मेंदूमृत होता का, याची नीट तपासणी झाली नव्हती असा आक्षेप आला आणि डॉक्टरांवर खुनाची तक्रार दाखल झाली. खटला उभा राहिला नाही, मात्र विश्वास गेला तो गेलाच. मेंदूमृत दात्याकडून अवयव घेण्याचा कायदा तिथे 1997 साली झाला आणि पुढचे हृदयारोपण झाले ते 1999 साली, तब्बल तीन दशकांनी. तोवर उत्तम शल्यचिकित्सक असलेल्या त्या देशातल्या रुग्णांना हृदयासाठी परदेशी जावे लागत असे.

भारताने 1994 साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. महाराष्ट्र आणि गोवा यांचा इथे थेट संबंध आहे, कारण हा कायदा सर्वप्रथम महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेश यांनाच लागू झाला. अमेरिकेत संपूर्ण मेंदूचे कार्य थांबणे हा निकष आहे. आपण ब्रिटिशांप्रमाणे मस्तिष्कस्तंभाचे कार्य कायमचे थांबणे हा निकष घेतला. तपासणी कशी होते हे नातेवाइकांना सहसा कुणी समजावून सांगत नाही, म्हणून ते इथे थोडे सविस्तर सांगतो.

पहिली अट अशी की बेशुद्धीचे कारण नक्की माहीत असले पाहिजे, आणि मेंदू मेल्याचा केवळ आभास निर्माण करणारी कारणे वगळली गेली पाहिजेत. झोपेची किंवा भुलीची औषधे, शरीराचे खूप घसरलेले तापमान, रक्तातल्या क्षारांचा आणि साखरेचा मोठा बिघाड ही ती कारणे. आपल्याकडे त्यात एक खास भर पडते ती मण्यारच्या दंशाची. मण्यारचे विष स्नायूंना इतके लुळे करते की बाहुल्या प्रकाशाला दाद देत नाहीत, पापणी हलत नाही, श्वास थांबतो, आणि आतला मेंदू मात्र पूर्ण जिवंत असतो. असे रुग्ण व्हेंटिलेटरवर ठेवले तर काही दिवसांनी उठून बसल्याच्या नोंदी आहेत. ही सगळी शक्यता संपल्यावर प्रत्यक्ष चाचण्या सुरू होतात. डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला तर बाहुली आकसते का, बुबुळाला कापसाचा स्पर्श केला तर पापणी मिटते का, कानात बर्फाचे पाणी सोडले तर डोळे सरकतात का, श्वासनलिकेत नळी घातली तर खोकला येतो का, हे पाहिले जाते. शेवटची चाचणी सर्वांत निर्णायक. भरपूर प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर काही मिनिटे काढतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. जिवंत मस्तिष्कस्तंभासाठी श्वास घेण्याचा याहून जबरदस्त इशारा दुसरा नसतो. तो ठरावीक पातळीच्या वर जाऊनही छाती एकदाही हलली नाही, तर श्वासाचा हुकूम देणारी जागा मेलेली आहे. या सगळ्या चाचण्या चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा करायच्या असतात, आणि अवयवरोपण करणाऱ्या पथकातला कुणीही या मंडळात असता कामा नये असे कायदा सांगतो. साप्पोरोतल्या घटनेने उभ्या केलेल्या शंकेला हे कलम म्हणजे थेट उत्तर आहे.

मेंदूमृत्यू आणि कोमा यांची गल्लत मात्र फार होते, आणि तिचे परिणाम गंभीर असतात. कोमातला रुग्ण जिवंत असतो आणि बरा होऊ शकतो. काहींच्या बाबतीत मस्तिष्कस्तंभ चालू असतो, डोळे उघडतात-मिटतात, श्वास स्वतःचा असतो, पण आजूबाजूची जाणीव असल्याचे दिसत नाही. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग 1973 मधल्या हल्ल्यानंतर अशाच अवस्थेजवळ राहिल्या, आणि 2011 साली त्यांच्याबाबत निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्या मेंदूमृत नाहीत हे स्पष्ट नोंदवले. त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 पर्यंत, त्यांच्या अखेरपर्यंत, त्यांची शुश्रूषा केली. 2006 साली ब्रिटनमध्ये ॲड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी जाणीव हरवली आहे असे मानलेल्या एका तरुणीला मेंदूचे स्कॅन चालू असताना टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितले, आणि निरोगी माणसाच्या मेंदूत जो भाग उजळतो तोच तिच्याही मेंदूत उजळला. बाहेरून जराही प्रतिसाद न देणाऱ्या देहात कुणीतरी ऐकत होते. मेंदूमृत्यूची व्याख्या या संशोधनाने ढासळत नाही, कारण तिथे उजळण्यासारखे काही उरलेलेच नसते. पण जाणीव आहे की नाही हे बाहेरून ओळखणे किती अवघड आहे, हे त्याने दाखवून दिले.

व्याख्येवरचा खरा कठीण आक्षेप दुसरीकडून येतो. मेंदू हा शरीराचा सूत्रधार आहे, तो गेला की शरीर एकसंध राहत नाही आणि काही दिवसांत कोसळते, असे तिचे समर्थन पूर्वी केले जाई. परंतु मेंदूमृत ठरलेल्या काही गर्भवती स्त्रियांच्या देहात गर्भ अनेक आठवडे वाढला आणि जिवंत बाळे जन्मली. काही मेंदूमृत देहांच्या जखमा भरल्या, लहान मुलांची उंची वाढली. ॲलन शूमन या मेंदूतज्ज्ञाने अशी प्रकरणे 1998 साली एकत्र मांडली, आणि ‘शरीर कोसळते’ हे समर्थन त्यानंतर पूर्वीच्या जोराने करता येईना. मग उरते ते लॉकच्या जवळ जाणारे समर्थन: जाणिवेची आणि स्वतः श्वास घेण्याची क्षमता कायमची गेली, म्हणजे व्यक्ती संपली, जरी पेशींचे जीवन यंत्राच्या आधाराने चालू असले तरी. मला हे समर्थन मान्य आहे. पण हे सूक्ष्मदर्शकाखाली सापडलेले सत्य नव्हे. आपण माणूस कशाला म्हणतो याबद्दल समाजाने विचारपूर्वक घेतलेला हा निर्णय आहे, आणि नातेवाइकांना ते याच शब्दांत सांगितले पाहिजे असे मला मनापासून वाटते. ‘मशीनमुळे फक्त हृदय चालू आहे’ असे घाईने सांगून कागद पुढे करणे हा त्यांच्या दुःखाचाही अपमान आहे आणि बुद्धीचाही.

आपल्या कायद्याने मात्र हा निर्णय अर्धवट ठेवला आहे. 1994 चा कायदा मेंदूमृत व्यक्तीला मृत म्हणतो, पण तो अवयवदानाच्या संदर्भात. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणे, आणि त्यात मेंदूचा उल्लेख नाही. त्यामुळे दोन शेजारच्या खाटांवर अगदी सारख्या अवस्थेतले दोन देह असतील आणि एका कुटुंबाने अवयवदानाला होकार दिला, तर त्यांच्या माणसाला मृत मानून पुढची प्रक्रिया होते. दुसऱ्या कुटुंबाने नकार दिला, तर व्हेंटिलेटर काढायला डॉक्टर कचरतात आणि हृदय आपोआप थांबेपर्यंत, कधी दोन दिवस, कधी आठवडा, बिल वाढत राहते, खाट अडलेली राहते आणि घरच्यांना आशा सोडताही येत नाही, धरताही येत नाही. केरळने 2020 साली मेंदूमृत्यूच्या प्रमाणीकरणाची मार्गदर्शक तत्त्वे काढताना हे प्रमाणीकरण अवयवदानापासून वेगळे केले. हा कायदा देशात ज्या राज्यांनी सर्वांत आधी स्वीकारला, त्या महाराष्ट्राने आणि गोव्यानेही तसेच करावे. माणूस मृत आहे की जिवंत, हे त्याच्या नातेवाइकांच्या एका सहीवर अवलंबून असता कामा नये.